पाणी ९८ अंशांवर का थांबते?

बालाघाटाच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर वसलेल्या एका गावातील शाळेत मी काही वर्षांपूर्वी मुलांसमोर पाणी उकळण्याचा एक अगदी साधा प्रयोग केला होता. स्टोव्हवर पातेले, पातेल्यात लिटरभर पाणी आणि बुडाला टेकणार नाही अशा बेताने दोरीने टांगलेली काचेची तापमापी, एवढेच साहित्य होते. दर मिनिटाला एक मुलगी आकडा वाचत असे आणि एक मुलगा तो फळ्यावर लिहीत असे. २६ पासून सुरू झालेले आकडे भराभर चढत गेले, सातव्या मिनिटाला ९८ आले आणि त्यानंतर फळ्यावर ९८, ९८, ९८ अशी एकाच आकड्याची रांग लागली. पाणी खळखळा उकळत होते, खिडकीची काच वाफेने धुरकट झाली होती, तरी पारा हलायला तयार नव्हता. मुलांनी दोन निष्कर्ष काढले. पहिला असा की तापमापी बिघडलेली आहे, कारण पुस्तकात १०० लिहिले आहे. दुसरा असा की स्टोव्ह मोठा केला पाहिजे. स्टोव्ह मोठा केला. पाणी उसळून पातेल्याबाहेर सांडू लागले, पण आकडा तोच राहिला.

तापमापी बिघडलेली नव्हती. मुलांच्या शंकेत मात्र दोन वेगवेगळे प्रश्न मिसळलेले होते: तापमान थांबते का, आणि थांबते तर ९८ वरच का. पाठ्यपुस्तकांतील ‘पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते’ हे वाक्य या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दिल्यासारखे भासते आणि प्रत्यक्षात एकाचेही देत नाही, म्हणून मला ते वाक्य फारसे आवडत नाही.

पहिला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. स्टोव्ह पेटलेला आहे, म्हणजे पाण्याला उष्णता सतत मिळते आहे. मग ती जाते कोठे? एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यासाठी सुमारे १ किलोकॅलरी उष्णता लागते, त्यामुळे २६ अंशांवरून ९८ अंशांवर नेण्यासाठी आमच्या पातेल्याला साधारण ७२ किलोकॅलरी लागल्या. आता तेच लिटरभर पाणी उकळत ठेवून संपूर्ण आटवायचे ठरवले, तर त्यासाठी आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी लागतील, म्हणजे तापवण्याच्या साडेसात पट. पहिल्या कामाला सात मिनिटे लागली असतील, तर त्याच आचेवर दुसऱ्या कामाला पन्नास मिनिटांहून अधिक वेळ लागेल, आणि त्या सगळ्या वेळात तापमापीवर एका अंशाचीही वाढ दिसणार नाही.

तापमान म्हणजे रेणूंच्या हालचालीच्या सरासरी ऊर्जेचे माप. पाणी तापते तेव्हा दिलेली उष्णता रेणूंची हालचाल वाढवण्यात खर्च होते आणि पारा चढतो. परंतु पाण्याचे रेणू सुटे नसतात. प्रत्येक रेणू शेजारच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून असतो. द्रवातून बाहेर पडून मोकळी वाफ होण्यासाठी हे सगळे बंध तोडावे लागतात, आणि पाणी उकळू लागले की येणारी जवळजवळ सगळी उष्णता या तोडण्याच्या कामी लागते. रेणू एकमेकांपासून दूर होतात, पण त्यांचा सरासरी वेग वाढत नाही; वेग वाढत नाही म्हणून तापमान वाढत नाही. आच मोठी केली, तर बंध तोडण्याचे काम झपाट्याने होते, म्हणजे दर मिनिटाला अधिक पाणी वाफ होऊन जाते, आणि पातेल्यात उरलेले पाणी होते तेवढेच गरम राहते. पाण्यातील हे बंध फार चिवट असतात. अल्कोहोलचा एक ग्रॅम वाफेत रूपांतरित करण्यास सुमारे २०० कॅलरी पुरतात, तर पाण्याच्या एका ग्रॅमला ५४० लागतात.

तापमापीला न दिसणाऱ्या या उष्णतेला मराठी पाठ्यपुस्तकांत ‘अप्रकट उष्मा’ असा अत्यंत समर्पक शब्द आहे. ती आहे, पण प्रकट होत नाही. १७६० नंतरच्या काही वर्षांत स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी ही कल्पना मांडली, तोवर सर्वसाधारण समजूत अशी होती की पाणी उकळीच्या तापमानाला पोहोचले की थोड्याशा जादा उष्णतेने त्याची वाफ होते. ब्लॅक यांनी दाखवून दिले की तसे असते तर आधण येताक्षणीच पातेल्यातले सगळे पाणी एकदम वाफ होऊन स्फोट झाला असता. प्रत्यक्षात मात्र ते सावकाश, मिनिटामागून मिनिट आटत जाते. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारे जेम्स वॅट यांना त्या सुमारास असे आढळले होते की थोडीशी वाफ थंड पाण्यात सोडली, तर ती आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळीपर्यंत तापवते. हे कोडे त्यांनी ब्लॅक यांना सांगितले आणि त्यांना त्याचे उत्तर मिळाले: बाष्पीभवनात घेतलेली उष्णता वाफ पुन्हा पाणी होताना जशीच्या तशी परत करते.

ही परतफेड स्वयंपाकघरात कोणी ना कोणी हातावर भोगलेली असते. उकळत्या पाण्याचा एक ग्रॅम त्वचेवर पडला, तर तो शरीराच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे ६० कॅलरी देतो. त्याच तापमानाच्या वाफेचा एक ग्रॅम त्वचेवर आधी पाणी होताना ५४० आणि मग थंड होताना ६०, अशा सहाशे कॅलरी देतो. तापमापीने मोजले, तर दोन्ही ९८ अंशच असतात. येथे एक गोष्ट सांगून पुढे जातो: खरी वाफ दिसत नाही. किटलीच्या तोंडाला लागून जी बोटभर मोकळी जागा दिसते तेथे वाफ असते. त्यापुढचा पांढरा लोट म्हणजे वाफ थंड होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब असतात. भाजते ते त्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेतच अधिक.

यावरून वरणाच्या पातेल्याबद्दल एक सरळ हिशेब निघतो. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजते ती पाण्याच्या तापमानामुळे, उकळीच्या जोरामुळे नव्हे. एकदा आधण आले, की मोठी आच ठेवूनही पाणी ९८ अंशांपुढे जात नाही; जादा गॅस केवळ जादा पाणी आटवण्यात जातो आणि मग वरून आणखी पाणी घालावे लागते. उकळी टिकेल एवढी मंद आच आणि झाकण पुरेसे आहे. पाण्यात मीठ घातल्याने ते अधिक तापते आणि डाळ लवकर शिजते, असेही अनेक घरांत सांगितले जाते. लिटरला १० ग्रॅम मीठ घातले, तर उत्कलनबिंदू एका अंशाच्या जेमतेम सहाव्या भागाइतका वाढतो. मीठ टाकताच पाणी उसळते हे खरे, परंतु त्याचे कारण मिठाच्या कणांवर बुडबुडे सहज तयार होतात, एवढेच आहे.

आता ९८ चा प्रश्न. उघड्या पृष्ठभागावरून पाणी प्रत्येक तापमानाला थोडेथोडे उडत असते. ते उडण्याचा प्रयत्न किती जोराचा आहे, हे बाष्पदाब सांगतो. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे ४.२ किलोपास्कल असतो, ४० अंशांना ७.४, आणि १०० अंशांना तो १०१.३ होतो, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरील हवेच्या दाबाबरोबर येतो. पाण्याच्या पोटात वाफेचा बुडबुडा तयार होण्यासाठी आतील वाफेने बाहेरच्या हवेचा दाब पेलला पाहिजे. दाब कमी पडला, तर बुडबुडा जन्मताच चिरडला जातो. आधण येण्याआधी पातेले जो सूं सूं आवाज करते तो याच चिरडण्याचा असतो: तळाशी पाणी अधिक तापलेले असल्याने तेथे वाफेचे बुडबुडे बनतात, वर सरकताच तुलनेने थंड पाण्यात त्यांची वाफ पुन्हा पाणी होते आणि ते मिटतात. सगळे पाणी सारखे तापले, की बुडबुडे फुटण्यासाठी थेट पृष्ठभागापर्यंत पोहोचतात, सूं सूं थांबते आणि खळखळ सुरू होते. जुन्या बायका झाकण न उघडता केवळ आवाजावरून आधण ओळखतात, ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक असते.

म्हणजे पाण्याचा उत्कलनबिंदू हा एकट्या पाण्याचा गुण नाही. तो पाणी आणि त्यावरील हवा यांच्यातील सौदा आहे. जसजसे उंच जावे तसतशी डोक्यावरील हवा कमी होते, आणि ढोबळमानाने दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात खाली असल्याने तेथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते, छत्रपती संभाजीनगरला ९८ च्या जवळ, आणि खुलताबादजवळच्या म्हैसमाळला साडेशहाण्णव अंशांच्या सुमारास. लेहला हाच आकडा ८८-८९ पर्यंत येतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर ७० ते ७१ वर. आमच्या शाळेतील ९८ हा आकडा त्या गावाची उंची अचूक सांगत होता. तापमापी चांगली असेल, तर पातेलेभर पाण्याने डोंगर मोजता येतो. गंमत म्हणजे अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० असे उलटे आकडे दिले होते. ते सुलटे झाले त्यांच्या नंतर.

सौदा हवेशी असेल तर हवेचा दाब आपणच वाढवला, तर काय होईल, हे १६७९ मध्ये डेनी पापँ यांनी घट्ट झाकणाच्या भांड्याने दाखवले आणि आज ते प्रत्येक घरात शिट्ट्या वाजवते. प्रेशर कुकरच्या शिट्टीचे वजन आतील दाब बाहेरच्या जवळपास दुप्पट होईपर्यंत वाफ अडवते आणि त्यामुळे आतील पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचते. शिजण्याच्या क्रिया दर दहा अंशांना साधारण दुप्पट वेगाने होतात असे धरले, तर वीस अंशांच्या फरकाने वेग चौपट होतो. शिट्टी होऊ लागली म्हणजे तापमान पुन्हा थांबलेले असते, फक्त वरच्या पायरीवर. तेव्हाही आच मोठी ठेवण्यात अर्थ नसतो.

ज्वारीच्या भाकरीत ही थांबलेल्या तापमानाची युक्ती किती नेमकेपणाने वापरली आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. तव्यावर भाकरी टाकताच वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात. तवा दोनशे अंशांच्या घरात असला, तरी जोवर ते पाणी ओले आहे तोवर वरचा पापुद्रा उकळत्या पाण्याहून अधिक तापू शकत नाही, त्यामुळे तो कोरडा होऊन तडकत नाही. पाणी सुकत येताच भाकरी उलटतात. मग विस्तवाला लावली, की दोन पापुद्र्यांमधील ओल वाफ होते आणि एका ग्रॅम पाण्याची वाफ दीड लिटरहून अधिक जागा मागत असल्याने भाकरी टम्म फुगते. उलटायला उशीर झाला, तर वरचा भाग कोरडा पडतो, चिरा जातात आणि वाफ त्यांतून निसटते.

तापमान १०० वर थांबते हे वाचल्यावर ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे तो हरकत घेईल, आणि ती हरकत योग्य आहे. लातूर, धाराशिव, बीडकडच्या गुऱ्हाळांत चुलवाणावरील काहिलीत उसाचा रस उकळत असतो, त्याचे तापमान थांबत नाही. सुरुवातीला, रसात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असताना, ते शंभराच्या जवळ बराच वेळ रेंगाळते. भेंडीच्या रसाने वर आलेली मळी काढण्याचे काम याच काळात होते. पुढे पाणी जसजसे कमी होते तसतसा साखरेचा वाटा वाढतो. साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात आणि पृष्ठभागावर जागाही अडवतात, त्यामुळे पाण्याला बाहेर पडण्यासाठी अधिक तापावे लागते. काकवी १०५-१०६ अंशांच्या आसपास उतरवतात. गुळासाठी रस ११६ ते ११८ अंशांपर्यंत न्यावा लागतो. येथे तापमान म्हणजे किती पाणी उरले आहे याचा हिशेब असतो आणि तो शेवटी फार झपाट्याने बदलतो, कारण काढायचे पाणी थोडेच उरलेले असते आणि चुलीची आच मात्र तेवढीच असते. म्हणून गुळव्या शेवटच्या काही मिनिटांत काहिलीपासून हलत नाही, चिपाड सारणाऱ्याला हात थांबवायला सांगतो आणि पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी पाहतो. दोन अंश कमी पडले, तर ढेप बसत नाही. दोन अंश जास्त झाले, तर गूळ काळवंडतो.

जळणाचा हिशेबही येथे उघड होतो. हजार किलो रसापासून जेमतेम दोनशे किलो गूळ मिळतो, म्हणजे सुमारे आठशे किलो पाणी वाफ होऊन छपराकडे जाते. रसाला उकळी आणण्यासाठी लागते त्याच्या सहापटींहून अधिक उष्णता ही वाफ घेऊन जाते आणि ती परत मिळत नाही. साखर कारखान्यांनी नेमकी हीच उष्णता पकडली आहे. न्यू ऑर्लिअन्स येथे जन्मलेल्या नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४३ आणि १८४६ मध्ये ज्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) मिळवले, तिच्यात बंद भांडी एकापुढे एक जोडलेली असतात. पहिल्या भांड्यातील रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्याच्या नळ्यांत सोडतात, तेथे ती पाणी होताना आपला अप्रकट उष्मा दुसऱ्या रसाला देते, आणि असेच पुढे. गरम वस्तूने तिच्याइतक्याच गरम वस्तूला उकळवता येत नाही, म्हणून प्रत्येक पुढच्या भांड्यातील दाब थोडा कमी ठेवतात, म्हणजे तेथील रस कमी तापमानाला उकळतो. चार भांडी असतील, तर पहिल्या एक किलो वाफेत जवळजवळ चार किलो पाणी उडवले जाते. शेवटी साखरेचे दाणे पाडण्याचे कामही निर्वात भांड्यात सत्तर अंशांच्या आसपास उरकतात, त्यामुळे साखर करपत नाही. ब्लॅक यांनी ओळखलेली उष्णता आणि हवेशी असलेला सौदा, या दोहोंवर सगळा कारखाना उभा आहे.

आतापर्यंत पाणी उकळत होते. आता विस्तव बाजूला ठेवू. पाणी उडण्यासाठी ते उकळले पाहिजे असे मुळीच नाही, आणि मराठवाड्यात मे महिन्यात तर हे कोणाला सांगावे लागत नाही. परंतु विस्तव नसताना बंध तोडण्याची उष्णता कोण देतो? ती पाणी स्वतःच्या अंगातून देते, आणि म्हणून ते थंड होते.

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातील अनेक गावांतून धडधाकट बायामाणसे ऊसतोडीला निघून जातात आणि गावात म्हातारे आणि लेकरे मागे राहतात. गावातील कोणाचीही ताकद त्या दिवशी कमी झालेली नसते, तरी मागे उरलेल्यांची सरासरी ताकद घटलेली असते. पाण्याच्या पृष्ठभागावर असेच घडते. सर्व रेणू सारख्या वेगाचे नसतात; बंध तोडून बाहेर पडण्याइतकी ऊर्जा असलेले थोडेच असतात, आणि जातात ते तेच. मागे राहिलेल्यांची सरासरी ऊर्जा खाली येते, म्हणजेच तापमान उतरते. ३०-३५ अंशांच्या पाण्यात हा खर्च उकळीच्या वेळेपेक्षा किंचित जास्तच असतो: एका ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी.

माठाचे गणित यावरून मांडता येते. माठात दहा लिटर पाणी आहे आणि ते ४० अंशांवरून २५ अंशांवर आणायचे आहे, तर दीड लाख कॅलरी काढून घ्याव्या लागतील, आणि त्यासाठी केवळ २६० ग्रॅम पाणी उडाले पाहिजे. पाव लिटरच्या बदल्यात दहा लिटर गार, हा सौदा कोणत्याही यंत्राला हेवा वाटावा असा आहे. प्रत्यक्षात अधिक पाणी जाते, कारण माठ आतून थंड होत असतानाच बाहेरची तापलेली हवा त्याला उष्णता देत असते. म्हणून माठ सावलीत, वारा लागेल अशा जागी, ओल्या वाळूवर ठेवतात आणि भोवती ओले फडके गुंडाळतात. हे सगळे अवलंबून असते मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरून बाहेरच्या अंगावर येण्यावर. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड असते. पाणी उडते, क्षार मागे राहतात, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत माठाच्या अंगावर पांढरा थर चढून छिद्रे बुजतात. अशा माठातले पाणी गार होत नाही, तेव्हा दोष कुंभाराचा नसतो. शेतावर नेण्याच्या कॅनव्हासच्या छागळीत, बैलगाडीच्या जुवाला किंवा जीपच्या पुढे टांगलेल्या, हीच युक्ती होती. चालत्या गाडीचा वारा पाझरलेले पाणी झपाट्याने उडवत असे.

पण माठातले पाणी किती गार होईल, यालाही मर्यादा आहे, आणि ती ठरते हवेच्या कोरडेपणावर. पृष्ठभागावरून रेणू जातात तसेच हवेतील बाष्पाचे रेणू परतही येत असतात. हवेत बाष्प अधिक असेल, तर परतणारे वाढतात, आणि परतणारा प्रत्येक रेणू उष्णता परत देतो. तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला, की ती ज्या आकड्यावर स्थिरावते त्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात, आणि बाष्पीभवनाने कोणतीही वस्तू त्याखाली जाऊ शकत नाही. परभणीत मे महिन्याच्या एखाद्या दुपारी तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा आकडा सुमारे २२ येतो, म्हणजे वीस अंशांची सूट. जुलैमध्ये ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर तो २७ येतो, म्हणजे सूट जेमतेम तीन अंशांची. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मे महिन्यात खोली हिवाळी करतो आणि पावसाळा लागताच केवळ चिकचिक वाढवतो, याचे कारण एवढेच आहे. दारेखिडक्या बंद करून कूलर लावणे ही त्याहून वाईट चूक: खोलीतील हवा तासाभरात दमट होते, ताट्यांवरून पाणी उडेनासे होते आणि कूलरचा नुसता पंखा उरतो. कूलरच्या समोरची एक खिडकी उघडी हवीच.

शरीराचेही तसेच आहे. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे उडाला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंबाथेंबाने गळून पडला, तर जवळपास काहीच घेऊन जात नाही. कोरड्या उन्हात घाम येताच उडून जातो, त्यामुळे अंग कोरडे राहते आणि आपल्याला घामच आलेला नाही असे वाटते. पाणी मात्र शरीरातून गेलेले असते, आणि म्हणून मराठवाड्याच्या उन्हात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिणे शहाणपणाचे असते. श्रावणातल्या दमट दुपारी उलट होते. अंग निथळते आणि जीव मात्र गार होत नाही. त्याच दिवसांत थंड पाण्याने भरलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून दव येते; ते आतून पाझरलेले नसून हवेतले बाष्प तांब्यावर पाणी झालेले असते, आणि ते होताना दिलेल्या उष्णतेने तांब्यातले पाणी लवकर कोमट होते. माठाची क्रिया उलट दिशेने चालली, की असे होते.

याच हिशेबाचे सर्वांत मोठे भांडे पैठणला आहे. नाथसागर पूर्ण भरला, की त्याचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. कडक उन्हाळ्यात उघड्या जलाशयावरून दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर एका चौरस किलोमीटरवरून रोज ८० लाख लिटर पाणी जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आणणारी रेल्वे सुरुवातीला ५ लाख आणि पुढे पन्नास वाघिणींतून २५ लाख लिटर आणत असे. म्हणजे धरणाचा एक चौरस किलोमीटर तुकडा रोज अशा तीनहून अधिक भरलेल्या गाड्या हवेत सोडतो. मे महिन्यात दुपारी तीरावरची वाळू पाय ठेववत नाही एवढी तापलेली असते आणि शेजारचे पाणी मात्र सुखद असते. पाणी सावकाश तापते हे त्याचे एक कारण, पण दुसरे हे की उन्हाचा फार मोठा वाटा पाण्याचे तापमान वाढवण्यात जातच नाही. ८ मिलिमीटर पाणी उडवण्यासाठी एका चौरस मीटरला सुमारे ४,६०० किलोकॅलरी लागतात आणि त्या उन्हातून व वरून वाहणाऱ्या तापलेल्या वाऱ्यातून घेतल्या जातात. शाळेतल्या पातेल्यात स्टोव्हची आच जशी पारा न हलवता नाहीशी होत होती, तशीच येथे सूर्याची होते.

शेततळे खोदणाऱ्यांना यातून एक आकडा उपयोगी पडावा. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते, साठ्याच्या खोलीवरून नव्हे. वीस लाख लिटर पाणी दोन मीटर खोल साठवले, तर १,००० चौरस मीटर पृष्ठभाग उघडा राहतो. तेच पाच मीटर खोल साठवले, तर ४०० चौरस मीटर. रोजच्या ८ मिलिमीटरने पहिल्या तळ्यातून दिवसाला ८,००० लिटर जातात आणि दुसऱ्यातून ३,२००. मार्च ते मे या ९२ दिवसांत हा फरक ४ लाख ४० हजार लिटरच्या आसपास होतो. तळ्याच्या उतरत्या भिंतींमुळे प्रत्यक्ष आकडे थोडे बदलतात, आणि पश्चिमेकडून येणारा कोरडा वारा अडवायला बांधावर दाट झाडे असतील, तर दोन्ही आकडे आणखी खाली येतात.